पडद्यामागचे स्पीकर

ऑफिसमध्ये कुणी घर घेतलं किंवा दिवाळीचा बोनस हातात पडला, की मला हमखास एक निरोप येतो. "अरे, दोन स्पीकरचे स्पेक्स पाठवलेत. बघून सांग ना, कुठला घेऊ?" माझा आणि ऑडिओचा संबंध छंदापुरता, पोट भरतं ते कोड लिहून. पण एकदा का 'ह्याला त्यातलं कळतं' अशी ख्याती झाली, की सुटका नाही.

गंमत अशी, की पाठवलेल्या तक्त्यात बहुतेक वेळा चारच आकडे असतात. वॅट, ओहम, '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ', आणि डिस्टॉर्शनची टक्केवारी. ह्या चार आकड्यांवरून स्पीकर कसा वाजेल हे मलाच काय, जगात कुणालाच सांगता येत नाही. गायकाची परीक्षा त्याचं वजन, उंची आणि छातीचं माप विचारून घ्यावी, तसला हा प्रकार.

मग कुठल्या मोजमापावरून सांगता येतं? प्रश्न साधा आहे, पण त्याचं धड उत्तर मिळायला साठेक वर्षं गेली. आणि ते मिळालं ते अधिक महागडी यंत्रं आणून नव्हे, तर स्पीकरसमोर एक पडदा टांगून. आजचा लेख त्या गोष्टीबद्दल.

वॅटची जत्रा

आधी त्या चार आकड्यांचा निकाल लावू.

२००० च्या दशकात ज्यांनी लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत कॉम्प्युटरचे स्पीकर घेतले असतील, त्यांना 'पीएमपीओ' हा शब्द आठवत असेल. हाताच्या पंजाएवढा प्लॅस्टिकचा डबा, त्यावर झळकणारं '५०० वॅट पीएमपीओ' आणि मागे लावायला जेमतेम १०-१५ वॅटचा अडॅप्टर! ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शाळेत शिकलेला माणूस ह्यावर फक्त हसू शकतो. पीएमपीओची सर्वमान्य व्याख्याच नव्हती, त्यामुळे तो आकडा ज्याला हवा तेवढा लिहिता यायचा.

हा रोग काही आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत असाच धुमाकूळ चालला होता, म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली ॲम्प्लिफायरसाठी नियम केला. वॅटचा आकडा छापायचा तर किती ओहमवर, किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत, किती डिस्टॉर्शनसह आणि सलग किती, हे सगळं सांगा.

पण समजा, वॅट अगदी खरे आहेत. तरी काय कळलं? शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला जे काम ५० वॅटमध्ये जमतं, तेच ८४ डेसिबलवाल्याला करायला २०० वॅट लागतात. थोडक्यात काय, तर वॅट हा ॲम्प्लिफायरशी जोडी जमवण्याचा आकडा आहे, गुणवत्तेचा नाही. ओहमचंही तेच.

'२० ते २० हजार हर्ट्झ' ही तर शुद्ध थट्टा आहे. पुण्याहून मुंबईला रस्ता जातो, एवढंच ते वाक्य सांगतं. वाटेत खड्डे किती आणि गतिरोधक किती, हे अध्याहृत! सोबत 'अधिक-उणे ३ डेसिबल' असं काही नसेल तर तो आकडा वाचूच नये.

राहिलं डिस्टॉर्शन. त्याच्याकडे पुढे वळू.

कानांना फसवणं सोपं असतं

आज आपल्या घरातले बहुतेक स्पीकर ज्या तत्त्वावर चालतात, त्याला व्यवहारात आणणारा शोधनिबंध १९२५ सालचा. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांचा. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला जोडलेला कागदी कोन. वीज पुढेमागे झाली की कोन पुढेमागे. शंभर वर्षांत मूळ कल्पना बदललेली नाही. आपल्या धंद्यात दहा वर्षं टिकलेल्या कोडला आपण 'लेगसी' म्हणतो.

पण हा स्पीकर चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? पहिली पद्धत सरळसोट: खऱ्या गायकाशेजारी ठेवायचा आणि लोकांना विचारायचं, फरक कळतो का? एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून सुमारे दहा वर्षं अमेरिकाभर असे 'टोन टेस्ट' केले. मंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवायचे. दिवे लागले की कळायचं, गायिका केव्हाच निघून गेली आहे आणि गातंय ते यंत्र. प्रेक्षक थक्क!

आता विचार करा. तेव्हाचं ध्वनिमुद्रण भोंग्यातून, विजेशिवाय व्हायचं. खालचे खर्ज स्वर आणि वरची झळाळी दोन्ही गायब. तरी लोक फसले. ॲना केस ही त्या कार्यक्रमांतली नावाजलेली गायिका. आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घ्यायचो, असं तिने पुढे कितीतरी वर्षांनी सांगून टाकलं. म्हणजे यंत्र माणसासारखं गात नव्हतं, माणूस यंत्रासारखा गात होता.

१९६० च्या सुमाराला अकूस्टिक रिसर्च ह्या कंपनीने हाच प्रयोग जास्त प्रामाणिकपणे केला. तिचा संस्थापक एडगर व्हिल्चर हा खरा कल्पक माणूस. हवाबंद खोक्यातल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून दमदार बास काढायची युक्ती त्याने १९५४ साली बाजारात आणली. ह्या कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेट ह्या चौकडीला मंचावर बसवलं. वाजवता वाजवता कलाकार नुसता अभिनय करायचे आणि तेवढ्या वेळात एआर-३ हे स्पीकर वाजायचे. बहुतेक श्रोत्यांना सांधा कळत नसे.

प्रयोग छान, पण त्यातून डिझाइन करणाऱ्याला काय मिळतं? 'पास' किंवा 'नापास'. नापास झाला तर नेमकं काय दुरुस्त करायचं, ते नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट फेल झाली, पण लॉग कोराच.

स्पेक्स उत्तम, आवाज भिकार

१९५६ साली एमआयटीमधल्या एका विद्यार्थ्याने स्पेक्स नीट वाचून, तुलना करून एक भारी सिस्टिम घरी आणली. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्यात व्हायोलिन शिकलेला. लावून बघतो तर निराशा! कागदावर सगळं उत्तम असूनही व्हायोलिन काही व्हायोलिनसारखं वाजेना. ह्या विद्यार्थ्याचं नाव अमर बोस. कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या नोनी गोपाल बोस यांचा मुलगा. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला आणि १९६४ साली त्याने कंपनी काढली.

बोसचं निदान असं होतं, की आपण सगळे स्पीकरच्या नाकासमोरचा आवाज मोजत बसलोय. पण सभागृहात श्रोत्यापर्यंत येणारा बराचसा आवाज भिंतींवरून उसळून येतो. म्हणून १९६८ च्या '९०१' मॉडेलमध्ये त्याने प्रत्येक पेटीत नऊ छोटे स्पीकर घातले. एक पुढे आणि आठ मागे, भिंतीकडे तोंड करून.

त्या काळात साधारण दोन पंथ होते. एक म्हणायचा, समोरून मोजलेला आलेख सपाट असला की झालं. दुसरा म्हणायचा, स्पीकरने चहूबाजूंना फेकलेली एकूण ऊर्जा, म्हणजे साउंड पॉवर, हीच खरी. ग्राहकांसाठी चाचण्या घेणारं 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे मासिक दुसऱ्या पंथातलं. स्पीकरची 'अचूकता' ते साउंड पॉवरवरून काढून टक्क्यांत छापायचं आणि लाखो लोक त्या टक्क्यांवर विसंबून खरेदी करायचे.

ह्याच मासिकाने १९७० साली लिहिलं, की ९०१ वर ऐकताना वाद्यं खोलीभर भटकताना वाटतात. बोसच्या कंपनीने खटला भरला. वाद्यं 'खोलीभर' भटकतात की 'भिंतीच्या कडेने', ह्यावर न्यायालयात कीस पाडला गेला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९८४ साली ६ विरुद्ध ३ अशा मताने निकाल मासिकाच्या बाजूने लागला. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या अभ्यासात हा खटला आजही शिकवला जातो. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट खुपते. स्पीकर कसा वाजतो, हे सांगणारी सर्वमान्य मोजपट्टी नसल्यावर शेवटी शब्दांची लढाई होते, आणि ती वकील लढतात.

ह्या सगळ्या गोंधळात एकच प्रांत शिस्तीत आला, तो बासचा. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थीलने १९६१ साली आणि पाठोपाठ रिचर्ड स्मॉलने सत्तरीच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की स्पीकर आणि खोका ह्यांना मिळून एक विद्युत फिल्टर समजता येतं. मोजकी परिमाणं मोजा, खोक्याचं घनफळ आणि भोकाचं माप गणिताने काढा, बास कुठपर्यंत जाईल हे आधीच सांगा. तोवर हे काम सुताराच्या अंदाजाने चालायचं. आज प्रत्येक ड्रायव्हरच्या माहितीपत्रकावर थील-स्मॉल परिमाणं छापलेली असतात. पण हे झालं फक्त तळाच्या एक-दोन सप्तकांचं. बाकीच्या सप्तकांचं काय?

ओटावातला पडदा

इथे फ्लॉइड टूल ह्या कॅनेडियन माणसाचा प्रवेश होतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ध्वनीची दिशा कानाला कशी कळते ह्यावर पीएच.डी. करून तो १९६५ साली ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये, म्हणजे चक्क सरकारी नोकरीत, लागला. तिथे एक उत्तम ॲनेकोइक चेंबर होता. भिंती, छत, जमीन सगळीकडे आवाज गिळणाऱ्या पाचरी, प्रतिध्वनी शून्य.

१९६६ मध्ये त्याने एक साधा प्रयोग केला. त्या काळचे नावाजलेले काही स्पीकर गोळा केले, सगळ्यांचा मोठेपणा समान केला, आवाज आरपार जाईल असा पडदा पुढे टांगला आणि सहकाऱ्यांना ऐकायला बसवलं. कुठला स्पीकर वाजतोय हे कुणालाही माहीत नाही. फक्त गुण द्यायचे.

'आवड ज्याची त्याची' हे आपण सगळेच म्हणतो. कुणाला अमक्याचं गाणं भावतं, कुणाला तमक्याचं. स्पीकरचंही तसंच असणार, अशीच अपेक्षा होती. पण पडद्याआड निकाल आला तो एकमताच्या जवळ जाणारा. आणि ज्यांना सर्वांत जास्त गुण मिळाले, त्यांचे चेंबरमधले आलेख सगळ्यांत सपाट आणि गुळगुळीत निघाले.

पुढची वीस वर्षं तो हेच करत राहिला: पडद्याआड ऐकवायचं, चेंबरमध्ये मोजायचं, दोन्ही जुळतंय का बघायचं. १९८५ आणि ८६ मध्ये त्याचे मोठे निबंध आले. त्यांतल्या काही गोष्टी आजही चक्रावणाऱ्या आहेत.

पहिली. श्रोत्यांची मतं जुळत नाहीत तेव्हा कारण बहुतेक वेळा 'आवड' नसते, श्रवणशक्ती असते. ज्यांचे कान थोडेही अधू झालेले, त्यांचे गुण त्याच स्पीकरला आज एक आणि उद्या दुसरे. ह्यात व्यवसायाने ध्वनिमुद्रण करणारेही होते. आयुष्यभर मोठ्या आवाजात काम केल्याचा हा प्रसाद.

दुसरी. एकच स्पीकर, मोनोमध्ये ऐकला की दोष लख्ख कळतात. स्टिरिओ लावला की मन त्या पसरलेल्या आवाजात रमतं आणि दोष लपतात. म्हणजे दुकानदार जसं ऐकवतो, बरोबर त्याच्या उलट ऐकायला हवं :-)

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. दोन्ही पंथ अर्धे बरोबर होते. समोरचा आलेख सपाट हवाच, पण बाजूला जाणारा आवाजही त्याच वळणाचा हवा.

कोनाचं भूमितिशास्त्र

हे जरा समजून घेऊ, कारण सगळी मेख इथे आहे.

१००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी ३४ सेंटिमीटर, २००० हर्ट्झची १७. आपल्या शेल्फवरच्या स्पीकरचा मोठा कोन साधारण १६ सेंटिमीटरचा. लहरी कोनापेक्षा खूप लांब असल्या तर आवाज सगळीकडे पसरतो. लहरी कोनाएवढ्या झाल्या, की तो टॉर्चच्या झोतासारखा समोर एकवटायला लागतो. आता २०००-२५०० हर्ट्झच्या आसपास क्रॉसओव्हर हे काम ट्वीटरकडे सोपवतो. ट्वीटर असतो जेमतेम २५ मिलिमीटरचा. त्याच्या दृष्टीने ह्या लहरी अजून लांबलचक, म्हणून तो आवाज पुन्हा सगळीकडे उधळतो.

समोर मायक्रोफोन ठेवून मोजाल तर आलेख झकास सपाट येईल. पण ५०-६० अंश बाजूला गेलात की १५०० पासून आवाज ओसरताना दिसेल आणि २५०० ला अचानक उसळी. आणि घरात बाजूचा आवाज वाया जात नाही. भिंतीवर, टीपॉयवर, छतावर आपटून काही मिलिसेकंदांत तो तुमच्या कानातच येतो. मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि म्हणतो, 'ह्या बाईचा आवाज जरा कर्कश का वाटतोय?' इक्वलायझरने तो दोष जात नाही, कारण इक्वलायझर समोरचं आणि बाजूचं दोन्ही एकदमच हलवतो. तो जातो ट्वीटरभोवती योग्य आकाराचा उथळ भोंगा दिला तर. हल्ली चांगल्या स्पीकरमध्ये ट्वीटर बशीत बसवल्यासारखा दिसतो, तो ह्याचसाठी. शोभेसाठी नव्हे.

दुसरं महत्त्वाचं मोजमाप रेझोनन्सचं. पेटीची फळी, कोनाची कड, हे सगळं आपापल्या सुरात गुणगुणतं. टूल आणि त्याचा सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९८८ साली ह्याचा फडशा पाडला. आलेखावर सुईसारखा टोकदार सुळका दिसला की आपण घाबरतो. पण कानाला तो कमी जाणवतो. उलट एखाद-दुसऱ्या डेसिबलचा रुंद, बसका उंचवटा, जो नजरेत भरतही नाही, तो कानाला पटकन सापडतो, कारण तो प्रत्येक गाण्यातल्या कितीतरी स्वरांना स्पर्श करतो.

इथे कुणी विचारेल, रेझोनन्स वाईट कसा? मिरजेच्या तंबोऱ्याचं सगळं वैभव रेझोनन्सचंच तर आहे! भोपळा, तबली, जवारी लावलेली घोडी, सगळं मिळून त्या चार तारांतून स्वरांचं झुंबर उभं करतात. अगदी मान्य. पण तंबोरा हे वाद्य आहे, स्पीकर वाद्य नाही. तंबोऱ्याचा घुमारा ध्वनिमुद्रणात एकदा येऊन गेलेला असतो. त्यावर स्पीकरने स्वतःचा घुमारा चढवला, तर मग किशोरीताईंचा तंबोरा, शेजारच्यांची पेटी आणि बातम्या देणारा निवेदक, सगळ्यांना एकच भोपळा लागल्यासारखं होतं.

मायक्रोफोनपासून एफएफटीपर्यंत

हे सगळं मोजणं साठच्या दशकात जिकिरीचं होतं. सूर सावकाश चढवत न्यायचा, कागदाच्या पट्टीवर पेन आलेख काढणार, मग स्पीकर दहा अंश फिरवायचा आणि पुन्हा तेच. आमच्या जातभाईंनी म्हणजे संगणकवाल्यांनी हे काम बदललं. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या रिचर्ड हायझरने १९६७ साली साध्या खोलीतही भिंतीवरून येणारा आवाज वगळून मोजायची युक्ती काढली. १९६५ च्या कूली-ट्युकी अल्गोरिदममुळे फूरिए ट्रान्सफॉर्म आवाक्यात आला होता. ब्रिटनमध्ये केईएफच्या बर्मन आणि फिंचम यांनी १९७७ च्या निबंधात दाखवलं, की स्पीकरला एक क्षणभराचा टोला द्या, उत्तर डिजिटल स्वरूपात साठवा, एफएफटी करा. पूर्ण आलेख हातात. आज हेच काम लॅपटॉप आणि एक स्वस्त मायक्रोफोन करतो. एका वीकांताचा खेळ.

पण लक्षात घ्या, मोजणं सोपं झालं म्हणून काय मोजायचं ते कळलं असं नाही. विदा ढिगाने जमू लागला, एवढंच.

ऑलिव्हचं समीकरण

१९९१ साली टूल सरकारी नोकरी सोडून हार्मन ह्या बड्या कंपनीत गेला; जेबीएल, इन्फिनिटी वगैरे ब्रँड तिचेच. ऑलिव्हही तिथे गेला. १९९४ मध्ये दोघांनी एक मजेशीर आणि कंपनीला अडचणीत आणणारा प्रयोग केला. कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा उघड. त्यांत एक स्वस्त, छोटेखानी सिस्टिम होती. पडद्याआड तिला मोठ्यांच्या बरोबरीने गुण मिळाले. पडदा काढला आणि तिची किंमत, आकार, प्लॅस्टिक दिसलं, तशी ती खाली घसरली. भारदस्त पेट्या वर चढल्या. आवाज तोच, श्रोते तेच, फक्त डोळे उघडे. स्पीकर बनवण्याचाच धंदा असलेली माणसंही सुटली नाहीत, मग माझं-तुमचं काय?

मग २००४ साली ऑलिव्हने तो प्रश्न विचारला जो कुठलाही इंजिनिअर विचारेल. निव्वळ मोजमापांवरून श्रोत्यांचे गुण आधीच सांगता येतील का?

मोजमापाची पद्धत ठरलेली होती. स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर मोजायचं. ३६ अधिक ३६, पुढचा आणि मागचा बिंदू दोन्हीकडे सामाईक म्हणून वजा २, एकूण ७० आलेख. त्यांचे गट करून थेट समोरचा, आसपास बसलेल्यांना ऐकू येणारा, पहिल्या परावर्तनांचा आणि एकूण साउंड पॉवरचा असे मोजके आलेख काढायचे. ह्याला 'स्पिनोरामा' म्हणतात आणि २०१३ पासून तो अमेरिकेतला अधिकृत प्रमाण-आराखडा आहे.

ऑलिव्हने आधी कन्झ्युमर रिपोर्ट्सने तपासलेले १३ स्पीकर घेतले. मासिकाचे गुण आणि पडद्याआडच्या श्रोत्यांचे गुण ह्यांच्यात सहसंबंध निघाला उणे ०.२२. म्हणजे काडीचा संबंध नाही, असलाच तर उलटा! इतकी वर्षं लोक ह्या टक्क्यांवर पैसे मोजत होते. मासिक लबाड नव्हतं. ते काळजीपूर्वक, तटस्थपणे, नेमाने चुकीची गोष्ट मोजत होतं.

मग त्याने स्वतःचं समीकरण बांधलं आणि ७० स्पीकरवर लावलं. सहसंबंध ०.८६. चारच चलं. समोरचा आलेख किती खडबडीत (साधारण ३१ टक्के), बास किती खोल जातो (३० टक्के), खोलीत अपेक्षित असलेला आलेख किती खडबडीत (२० टक्के), आणि तो किती सरळ रेषेत उतरतो (१७ टक्के). बस्स. वॅट नाही, ओहम नाही, डिस्टॉर्शनही नाही.

डिस्टॉर्शन का नाही? कारण मूळ स्वर स्वतःच्या लगतचे उपस्वर झाकून टाकतो, आणि टक्केवारीचा एक आकडा झाकलेलं व उघडं अशी दोन्ही विकृती एकाच तागडीत टाकतो. गेडिस आणि ली यांनी २००३ साली तपासलं, तर तो आकडा आणि ऐकणाऱ्याला होणारा त्रास ह्यांची जोडीच जुळेना. चुरचुरणारा, फुटका आवाज वाईट नसतो असं नव्हे. पण तो पकडायला ती टक्केवारी कामाची नाही.

मग सगळं सुटलं?

नाही. ०.८६ चा वर्ग ०.७४. म्हणजे गुणांमधला चौथ्या हिश्शाहून जास्त फरक अजून समीकरणाबाहेर आहे. शिवाय हे सगळं एका विशिष्ट खोलीत, मोनोमध्ये, नेहमीच्या धाटणीच्या स्पीकरवर झालेलं. स्टिरिओतला तो पसारा, ती खोली, त्याचं मोजमाप अजून धड नाही.

दुसरी अडचण आपल्या घराची. साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली स्पीकर नाही, खोली राज्य करते. चार मीटर लांबीच्या हॉलमध्ये ४३ हर्ट्झला लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. कुठे डग्गा ढगासारखा गडगडतो, तर दोन पावलांवर गायब. गुणांतला ३० टक्के वाटा बासचा, आणि तो बास सोफा कुठे आहे ह्यावर अवलंबून!

तिसरी अडचण टूलनेच नाव देऊन ठेवली आहे: गोंधळाचं वर्तुळ. गाणं ज्या स्पीकरवर ऐकून मिक्स केलं, तो स्पीकरच वाकडा असेल तर? मग ते गाणं सरळ स्पीकरवर वाकडंच वाजणार, आणि त्या गाण्यावरून पुढचा स्पीकर पारखला जाणार. ह्यातून बाहेर पडायचा मार्ग एकच, स्टुडिओ आणि घर दोन्हीकडे सारख्याच मापाने मोजलेले स्पीकर. सिनेमाचं त्या बाबतीत ठीक आहे, संगीताचं अजून नाही.

मला ह्या इतिहासात स्पीकरपेक्षा मोठी गोष्ट दिसते. 'कान हेच खरं' म्हणणारे आणि 'आकडे हेच खरं' म्हणणारे दोघंही एकमेकांना शतकभर हसत आलेत. कानवाल्यांनी डोळे मिटायला नकार दिला, आकडेवाल्यांनी आपला आकडा कानाशी ताडून पाहायला. टूलने दोन्ही केलं. मोजमापाला किंमत आली ती यंत्राच्या अचूकतेमुळे नव्हे. माणसाला जे जाणवतं ते हे मोजमाप सांगतं का, हे आधी प्रामाणिकपणे तपासल्यामुळे. आपल्याकडे दर तिमाहीला 'किती तिकिटं बंद केली' आणि 'किती ओळी लिहिल्या' ह्यावरून माणसं तोलली जातात, तेव्हा मला ते उणे ०.२२ आठवतं. आकडा नेमका असणं आणि नेमकी गोष्ट मोजणं, ह्यांत फार अंतर आहे.

असो. बरंच लांबलं. स्पीकर घ्यायचाच असेल तर: मॉडेलच्या नावापुढे स्पिनोरामा लिहून आंतरजालावर शोधा. समोरचा आलेख सपाट आहे का, बाजूचे आलेख त्याच्याच मागून न अडखळता उतरतात का, आणि बास कुठे संपतो, एवढं बघा. नाही मिळालं, तर ओळखीची दोन-तीन गाणी न्या, एकच स्पीकर लावायला सांगा, दोन्ही मॉडेलचा आवाज सारखा करून घ्या आणि मित्राला म्हणावं, मला न सांगता अदलाबदल कर. दुकानदार विचित्र नजरेने बघेल. बघू दे. नाहीतरी तुमचे डोळे मिटलेलेच असतील.